२ जीबी रॅमचा सर्व्हर: अंक आला की साइट बसते

अंकवाला
आमच्या दिवाळी अंकाची वर्डप्रेस साइट मीच सांभाळतो. भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) आहे: २ जीबी रॅम, २ कोअर, डेबियन लिनक्स, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (वर्डप्रेसचा पीएचपी कोड चालवणारा), मारियाडीबी (डेटाबेस). एरवी बरी चालते. अंक आल्याची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरली की पहिला बाइट यायलाच चार-पाच सेकंद, मध्येच ५०४ (वेळेत उत्तर न आल्याची चूक). एका ठिकाणी वाचून एफपीएमचं मॅक्स चिल्ड्रन (एका वेळी किती पीएचपी वर्कर चालतील ती मर्यादा) ५ वरून ५० केलं, तर जास्तच अडकायला लागली. आता एनजिनएक्सचे वर्कर वाढवू की सरळ ४ जीबीचा प्लॅन घेऊ? सगळं वर्गणीवर चालतं, तेव्हा पैशाचं बघून सांगा.

रात्रपाळी
संपादक महाराज, एनजिनएक्सला हात लावू नका, तो बिचारा रिकामा बसलाय. त्याच्या कर्त्याने, इगोर सिसोएवने, २००४ मध्ये तो बाहेर काढला तोच हजारो जोडण्या एका वेळी पेलायला. तुमचे ग्रुप त्याच्या खिजगणतीतही नाहीत.

घोळ त्या ५० चा आहे. प्लगिनं लादलेल्या वर्डप्रेसचा एक पीएचपी वर्कर सहज ६० एमबी खातो. पन्नास वर्कर म्हणजे ३००० एमबी, आणि मशीनवर आहेत २०४८, त्यातही मारियाडीबीचा वाटा. उरलेलं स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवर, जातं आणि सगळेच वर्कर डिस्कची वाट बघत बसतात. गर्दीच्या वेळी 'व्हीएमस्टॅट १' ही कमांड चालवा. एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत, स्वॅपमध्ये बाहेर) या रकान्यांत शून्य सोडून काही सतत दिसलं, तर हेच दुखणं. (पीएस कमांडमधला आरएसएस, म्हणजे प्रत्येक वर्करने व्यापलेल्या रॅमचा आकडा, बघून घाबरू नका. ऑपकॅशची (तयार पीएचपी कोडच्या साठ्याची) सामायिक मेमरी त्यात प्रत्येक वर्करच्या नावावर पडते.)

मॅक्स चिल्ड्रन १२ करा. कमी करा म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण कोअर दोनच आहेत हो! बारा जण पटपट उरकले तर तेराव्याला थांबावं लागतं ते क्षणभर.

आणि मुळात, छापून झालेल्या कथेसाठी दर वेळी पीएचपी कशाला उठवायचं? एनजिनएक्सचा फास्टसीजीआय कॅश (एकदा बनलेलं पान साठवून तेच देणारा) लावा, दहा मिनिटांचा. सोबत कॅश लॉक चालू ठेवा, म्हणजे लिंक फुटताक्षणी शंभर जण आले तरी पीएचपीकडे एकच मागणी जाते. लॉगिनची किंवा प्रतिसाद दिल्याची कुकी दिसली की कॅश टाळायची, हे मात्र विसरू नका. नाहीतर तुमचा ॲडमिन बार वाचकांना दिसेल. प्लॅनचे पैसे राहू द्या खिशात.

उषा_कोथरूड
+१. डेबियनच्या मूळ एनजिनएक्स कॉन्फिगमध्ये जीझिप (पाठवण्याआधी फाइल दाबून लहान करणं) चालू असतं, पण जीझिप टाइप्सची ओळ कॉमेंट केलेली, म्हणजे बंद, असते. म्हणजे फक्त एचटीएमएल दाबलं जातं, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट तसंच्या तसं जातं. ती ओळ उघडा. फॉन्ट वूफ२ या प्रकारचा असेल तर त्याला पुन्हा जीझिप नको, तो आधीच दाबलेला असतो. पण देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे मुळातच जड, तेव्हा त्याच्या जाडीचे चार-चार प्रकार लादू नका. नेहमीचं आणि ठळक पुरे.

अंकवाला
एसओचा रकाना नुसता धावत होता! १२ केलं, कॅश लावला. काल एका लेखाची लिंक सगळ्या ग्रुपांवर टाकून बघितली, ५०४ नाही. आता पहिला बाइट अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. अजून कमी होईल का? सर्व्हर फ्रँकफर्टला आहे, तिथे स्वस्त मिळाला.

रात्रपाळी
मग राहिलंय ते अंतर. मुंबई ते फ्रँकफर्ट एका जाण्यायेण्याला शंभराच्या वर मिलिसेकंद लागतात. नव्या वाचकाच्या तीन फेऱ्या होतात: टीसीपीची (जोडणी जुळवायची) एक, टीएलएस १.३ ची (एचटीटीपीएसच्या सुरक्षेची) एक, पानाची एक. टीएलएस १.२ वर असाल तर चार, ते आधी तपासा. बाकी कुठलंही कॉन्फिग हे अंतर कापत नाही, सर्व्हर मुंबईला आणा. पण लॉगमध्ये बघून घ्या. निम्मे वाचक अमेरिकेतल्या मंडळांमधले निघाले, तर आहे तिथेच बरा.