मदत हवी आहे: डायलिसिसवरील मधुमेही स्त्रीच्या हृदयाची कोणती तपासणी आधी करावी?

माझ्या आईचे वय ५८ आहे. तिला २० वर्षांपासून मधुमेह असून सव्वा वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस होते. तिच्या छातीत कधीच दुखलेले नाही, मात्र महिनाभरापासून जिना चढताना धाप लागते आणि डायलिसिसमध्ये पाणी काढल्यानंतरही ती पूर्णपणे थांबत नाही. कोरडे वजन (शरीरातले जादा पाणी काढल्यानंतरचे ठरवलेले वजन) दोनदा कमी करून पाहिले. ईसीजीमध्ये नवीन काही नाही. टूडी एकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली दिसली, पंपिंग ५५ टक्के आहे. हिमोग्लोबिन १०.८ आहे. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध पूर्वीपासून चालू आहे.

स्त्रियांना धोका कमी असतो, असे आम्हाला सांगण्यात आले, पण ते मला पटत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेआठ लाखांहून अधिक लोकांच्या एकत्रित विश्लेषणात, मधुमेहामुळे वाढणारा हृदयधमनीविकाराचा सापेक्ष धोका स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा सुमारे ४४ टक्क्यांनी अधिक आढळला होता. शिवाय मधुमेहात नसा बधिर झाल्या की छातीत न दुखताही हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. डायलिसिसवर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) एरवीही वाढलेले असू शकते, म्हणून एकाच आकड्यावर विसंबता येत नाही, याची कल्पना आहे.

पाय बधिर असल्याने ट्रेडमिल चाचणी शक्य नाही. अजून दिवसाला सुमारे ४०० मिली लघवी होते आणि ती टिकावी, म्हणून अँजिओग्राफीत धमन्या दिसण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या डायमुळे मूत्रपिंडाला अपाय होण्याची भीती वाटते.

अशा स्थितीत डोब्युटामिन स्ट्रेस एको (औषधाने हृदयावर ताण देऊन केलेला एको) आधी करावा, थॅलियम स्कॅन (हृदयाचा रक्तपुरवठा दाखवणारा किरणोत्सारी स्कॅन) करावा, की थेट अँजिओग्राफीचाच आग्रह धरावा, आणि ही तपासणी डायलिसिसच्या दिवशी करावी की मधल्या दिवशी?