बेडकाच्या कातडीतली पेप्टाइडं : जंतूंसाठी की सापासाठी?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

पाऊस लागला की आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर तो मेसेज हमखास फिरतो : सह्याद्रीतल्या बेडकात फ्लूचं औषध सापडलं. बातमी खोटी नाही. २०१७ मध्ये केरळ आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या पश्चिम घाटातल्या बेडकाच्या कातडीतून उरुमिन नावाचं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रथिनाचाच लहान भाऊ) वेगळं केलं. एच१ गटातल्या फ्लूच्या विषाणूंना ते मारतं, हेही दाखवलं. पण मेसेजच्या शेवटी 'बेडकाला रोगजंतूंपासून वाचवायला निसर्गानं दिलेलं कवच' असं लिहिलेलं असतं, आणि माझं भांडण त्या ओळीशी आहे.

माझं मत : जंतू मारणं हे या पेप्टाइडांचं मूळ काम नव्हेच, मूळ काम भक्षकाला त्रास देणं. ती कातडीतल्या ग्रंथींत साठवलेली असतात आणि बेडूक घाबरला, कुणी आवळला की भसकन बाहेर येतात. जंतूंसाठीच असती तर सगळा साठा दिवडीच्या तोंडात जाईपर्यंत राखून कशाला ठेवायचा? आफ्रिकेतला नखवाला बेडूक (झेनोपस) सापानं धरला, तर त्या स्रावामुळे साप जबडा वासून बसतो आणि बेडूक निसटतो. हे १९८० च्या दशकातच नोंदलं गेलंय.

आणि जनुकं काय सांगतात? झेनोपसच्या एका भाऊबंदावर २०१३ मध्ये काम झालं. त्यात १३ जनुकांचा एक पुंजका सापडला. पचनाच्या संप्रेरकाच्या एका जनुकाची जादा प्रत तयार झाली, ती कातडीत चालू झाली, आणि तिच्यापासून हा सगळा पसारा वाढला. आधी संप्रेरकाची नक्कल करणारं, भक्षकाचं पोट बिघडवणारं विष. जंतू मारणारी पेप्टाइडं त्याच साच्यात नंतर बदल होऊन आली. क्रम सरळ दिसतोय.

उत्तरेश्वरचे_मास्तर

दादा, एका वंशाची कुंडली काढून अख्ख्या बेडूकजातीचं भविष्य सांगताय.

१९८७ मध्ये मायकेल झासलॉफ या अमेरिकी संशोधकाच्या लक्षात आलं, की शस्त्रक्रिया केलेले झेनोपस बेडूक घाण पाण्यात सोडले तरी जखमा चिघळत नाहीत. त्या कातडीतून २३ अमिनो आम्लांची मॅगेनिनं निघाली. त्यांच्यावर धन भार असतो. जिवाणूच्या आवरणाच्या बाहेरच्या बाजूला ऋण भार जास्त, म्हणून ती तिथे चिकटतात आणि आवरण फोडतात. आपल्या पेशींचा बाहेरचा थर बराचसा भाररहित असतो, त्यात कोलेस्टेरॉलही असतं, म्हणून आपण बरेचसे वाचतो. सापाला छळायचं तेवढंच काम असतं, तर जिवाणूच्या आवरणावर बसणारी ही घडण जमली कशी?

पुरावा हवा तर कायट्रिड बुरशी घ्या. जगभर बेडूक मारत सुटलेली ही बुरशी १९९० च्या दशकाच्या शेवटी ओळखली गेली. प्रयोगात नॉरएपिनेफ्रिन (घाबरल्यावर अंगात सुटणारं संप्रेरक) देऊन झेनोपसच्या कातडीतला पेप्टाइडांचा साठा रिकामा केला, तर त्याच बेडकांवर बुरशी जास्त चढली. यात साप कुठे आला?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मास्तर, उपयोग होतो हे मी कुठं नाकारलं? आधी काय, एवढाच माझा मुद्दा. आणि साप कुठे आला म्हणता, तर २०१७ चंच दुसरं काम बघा. जंतुनाशक म्हणवणारी हीच पेप्टाइडं भक्षकाच्या तोंडातल्या अस्तराच्या पेशी सैल करतात आणि सोबतचं विष लवकर आत शिरतं. एकटं पेप्टाइड बघाल तर जंतुनाशक, अख्खा स्राव बघाल तर विष.

भोगावतीकाठ

आमच्या अंगणातल्या भेकाला विसरला काय दोघंबी? त्याच्या कानामागच्या गाठीतलं विष पेप्टाइडाचं नव्हं, बुफाडायनोलाइडचं, स्टिरॉइड जातीचं, हृदयावर घाव घालणारं. कुत्र्यानं तोंडात धरलं की फेस येतोय. आणि बऱ्याच बेडकांच्या कातडीत असली जंतुनाशक पेप्टाइडं सापडतच नाहीत, तरी ते खुशाल डबक्यात नांदतात. काहींच्या कातडीवर जिवाणूच राहतात आणि तेच बुरशीला आवरतात. म्हणजे जंतूंसाठी हे एवढं अत्यावश्यक होतं, असं मलाबी वाटत नाही.

शाहूपुरी_मेडिकल

औषधाच्या बाजूनं जरा. मॅगेनिनवरून बनवलेलं पेक्सिगॅनन मधुमेही पायाच्या जखमांसाठी आणलं होतं. अमेरिकेच्या एफडीएनं १९९९ मध्ये मंजुरी नाकारली. असल्या पेप्टाइडांविरुद्ध जिवाणू प्रतिकार कमवू शकणार नाहीत, असं तेव्हा म्हणत. २००६ मध्ये झासलॉफ यांचंच नाव असलेल्या निबंधात उलट निघालं : शेकडो पिढ्या पेक्सिगॅननचा डोस हळूहळू वाढवत नेला, तर २४ पैकी २२ वंशावळी तरल्या. उरुमिनच्या वेळीही ३२ पेप्टाइडं तपासून फ्लूवर चार चालली, त्यातली तीन विषारी ठरली. तेव्हा 'औषध सापडलं' हा मेसेज पाठवणाऱ्यांनी दमानं घ्यावं.

उत्तरेश्वरचे_मास्तर

मेडिकलवाले, तुमच्या आकड्यांनी माझंच म्हणणं बळकट होतंय. जिवाणू प्रतिकार कमवतात म्हणूनच बेडकाला पेप्टाइड सतत बदलत राहावं लागतं. दक्षिण अमेरिकेतल्या फायलोमेड्युसा बेडकांच्या डर्मासेप्टिन कुळात हे स्पष्ट दिसतं. पेप्टाइडाच्या जनुकाचा पुढचा भाग, जो माल ग्रंथीकडे पाठवतो, तो दूरदूरच्या बेडकांतही जवळजवळ सारखा. शेवटचा, प्रत्यक्ष काम करणारा तुकडा मात्र जातीजातीत वेगळा, आणि निवडीनंच तो वेगळा ठेवल्याच्या खुणा आहेत. सापाची एक पिढी व्हायला वर्षं लागतात. एवढी घाई बेडकाला सापासाठी का करावी लागेल?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

घाई जंतूंमुळे असेल, मान्य. पण त्याच फायलोमेड्युसात डर्मॉर्फिन आहे, मॉर्फिनहून कितीतरी जहाल, रेसच्या घोड्यांना चोरून टोचलं जाणारं. ते कुठल्या जिवाणूला झोपवायला?

भोगावतीकाठ

ह्याचं उत्तर मास्तरांनी आजच द्यायचं. आणि कुणी ह्या धाग्यावरनं प्रेरणा घेऊन राधानगरीला बेडूक धरायला निघालं असंल तर थांबा. उरुमिनवाल्यांनी बेडकाला हलका विजेचा झटका देऊन स्राव घेतला आणि बेडूक परत सोडले. पुढं पेप्टाइड प्रयोगशाळेत बनवता येतं. तुमच्या पिशवीतल्या बेडकाचं कुणालाच काम नाही.