एसव्हीएनवरून गिटवर जायचंय, पण १४ हजार रिव्हिजनचं काय करू?

सांगलीचा_कोडवाला
नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. २००९ पासून सगळा कोड एसव्हीएनवर (कोडमधला प्रत्येक बदल क्रमांक देऊन जपणारं सॉफ्टवेअर, तो क्रमांक म्हणजे रिव्हिजन; गिट हे त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर). सर्व्हर म्हणजे माझ्या टेबलाखालचा जुना डेस्कटॉप. त्यावर कुणी पाय ठेवू नये म्हणून चिठ्ठी चिकटवलीय. दोन नवी मुलं आलीत, त्यांना गिटशिवाय काही येत नाही. खरं सांगायचं तर ब्रँच मर्ज (कोडच्या वेगवेगळ्या शाखा एकत्र) करून करून मीही वैतागलोय. मार्चअखेरीची धावपळ संपली की बदलायचं ठरलंय.

घोडं अडलंय ते दोन ठिकाणी. आमच्या तक्रारवहीत (खरोखरची वही आहे, हसू नका) 'मुदतठेवीच्या व्याजाची चूक, आर ४८२१ ला दुरुस्त' (आर म्हणजे रिव्हिजन) अशा नोंदी आहेत. गिटमध्ये हे नंबरच नसतात. दुसरं, क्रिस्टल रिपोर्टच्या (छापील अहवाल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फायली. त्या मर्ज होत नाहीत म्हणून आम्ही लॉक लावून (एकाचं चालू असताना दुसऱ्याला फाइल बदलता येऊ नये म्हणून) काम करतो, आणि गिटमध्ये लॉक नाही म्हणे. इतिहास सोडून कोरी सुरुवात करू का?

टर्मिनलप्रेमी
करा की. जुना सर्व्हर फक्त वाचायला ठेवा. दहा वर्षांपूर्वीचा कोड कोण बघतंय?

हडपसर_रात्रपाळी
व्याजाचा हिशोब चुकला की सगळेच बघतात. इतिहास आणा, दादा.

गिट-एसव्हीएन (एसव्हीएनचा इतिहास गिटमध्ये आणणारं साधन) प्रत्येक कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशाखाली स्वतःहून एक ओळ जोडतं, तिच्यात जुना रिव्हिजन नंबर असतो. नेटवर बरेच जण ती ओळ टाळणारा 'नो-मेटाडेटा' पर्याय लावायला सांगतात, लॉग (बदलांची यादी) स्वच्छ दिसतो म्हणून. तो लावू नका. मग लॉगमध्ये ४८२१ शोधलं की कमिट हजर. जीसीसी कंपायलर (कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) २०२० च्या जानेवारीत एसव्हीएनवरून गिटवर गेला, तेव्हा त्यांनीही जुन्या कमिटच्या संदेशात आर-नंबर जपलेत. तुमची वही शाबूत राहील.

गिट-एसव्हीएन विंडोजवर चालवू नका, फार रखडतं. रिपॉझिटरीची (सगळ्या कोडच्या साठ्याची) हॉटकॉपी, म्हणजे पूर्ण प्रत, घेऊन लिनक्सवर न्या आणि तिथल्या तिथे वाचायला लावा. आमचं नेटवर्कवरून तीन दिवसांत निम्मंही झालं नव्हतं, असं केल्यावर एका रात्रीत आटोपलं. आणि हो, गिट रिकामा फोल्डर धरत नाही. आमचा एक्स्पोर्टचा फोल्डर असाच गायब झाला, प्रोग्रॅम पहिल्याच सकाळी आपटला.

लॉक गिट एलएफएसमध्ये (मोठ्या फायलींसाठीची गिटची जोड) आहे, पण सर्व्हरलाही ते जमायला हवं. सहा जणांसाठी एवढा खटाटोप? मी तर रिपोर्ट एसव्हीएनमध्येच राहू देईन. दोन घरं सांभाळावी लागतील, पण रिपोर्टला हात लावणारे असतात किती?

बिल्डताई
सेटअपच्या एक्सई फायली कमिट केल्यात का? नक्की केल्या असतील, सगळे करतात. एसव्हीएनच्या चेकआउटमध्ये (सर्व्हरवरून कोड उतरवताना) ताजी प्रतच उतरते, गिटच्या क्लोनमध्ये (तेच काम गिटमध्ये) २००९ पासूनची प्रत्येक. आणतानाच तो फोल्डर वगळा, नंतर काढत बसलात तर सगळ्या कमिटचे हॅश (गिटमधली ओळख) बदलतात.

सांगलीचा_कोडवाला
ताई, केल्यात. ९ जीबी! वगळतो. रिपोर्ट तिथेच राहतील, ते हाताळणारे दोघेच आहेत.

काल रात्री चाचणी लावून घरी गेलो. सकाळी बघतो तर रिव्हिजन ६११२ वर थांबलंय: हा लेखक ऑथर्स फाइलमध्ये (एसव्हीएनमधल्या नावांसमोर गिटसाठी नाव-ईमेल लिहिलेली यादी) नाही. २०१३ मध्ये सोडून गेलेला मुलगा, आम्ही त्याला विसरूनच गेलो होतो. वर 'अ‍ॅडमिन' नावाने तिघांनी कमिट केलंय, त्यातला एक मी. त्या मुलाचा ईमेल आता कुठून आणू?

हडपसर_रात्रपाळी
खरा लागत नाही. नाव त्याचं लिहा, पत्ता काहीही चालतो. आधी एसव्हीएनच्या लॉगमधून सगळे लेखक एकदम काढून घ्या, नाहीतर दर रात्री नवा कुणीतरी आठवत बसाल. 'अ‍ॅडमिन'ला अ‍ॅडमिनच राहू द्या.