कॉनवीत फक्त किल्ला बघून परतू नका
वेल्समधल्या कॉनवीला 'किल्ला तासाभरात होतो, पुढे काही नाही' असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. मला हे अजिबात पटलं नाही. गावाची तटबंदी चढलात का? तिला तिकीट नाही. जवळपास १.३ किलोमीटर लांब, २१ बुरुज, तीन वेशी. वेल्स जिंकणाऱ्या इंग्लंडच्या राजाने, पहिल्या एडवर्डने, १२८३ ते १२८७ या चार-पाच वर्षांत किल्ला आणि तट दोन्ही उभे केले! गावाच्या वरच्या टोकाच्या बुरुजावर जा. तिथून छपरं, नदी आणि किल्ल्याचे आठही बुरुज एकत्र दिसतात.

दक्षिणेकडचा तट मात्र बाहेरून बघा. भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी आधारांवर पुढे आलेले बारा शौचकूप रांगेत आहेत, राजाच्या कारभाऱ्यांसाठी बांधलेले. मी तिथे बराच वेळ मान वर करून उभा होतो.

आणि सेंट मेरी चर्चमध्ये जाच. एडवर्डने इथला मठ दुसरीकडे हलवला, त्याचंच हे चर्च. वेल्सचा थोर राजा लिवेलिन याला याच मठात पुरलं होतं. ते कळल्यावर तट वेगळाच दिसायला लागतो.