सोलापूरच्या लोकल चॅनलवर पाण्याची बातमी कुठंय?

जुळेसोलापूरकर: काल लोकल केबलच्या बातम्या लावल्या तर आधी कुणाचातरी वाढदिवस, केक, हार, मग दुकानाचं उद्घाटन, आणि उजनी धरणाचं पाणी असूनही नळाला रोज का येत नाही हे खालच्या पट्टीत एका ओळीत. पटतं का तुम्हाला हे?

बाळीवेसकर: वाढदिवस म्हणजे जाहिरातच हो, त्यावरच चॅनल चालतं. पण सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले मिरवणुकीचे उंच नंदीध्वज लाईव्ह पायजेतच, आईला गर्दीत जाता येत नाही, ती टीव्हीपुढंच हात जोडते.

साखरपेठेतली: नंदीध्वज दाखवा की, पण यंत्रमागावरची मजुरी, विड्या वळणाऱ्या बायांचं काय चाललंय तेही दाखवा, मुंबईचे चॅनलवाले आमच्या गल्लीत येणार आहेत का?

जुळेसोलापूरकर: बरोबर ताई. निदान पाणी कधी सुटणार ते तरी पहिल्यांदा सांगा म्हणावं.