फोनमधलं मेमरी कार्ड : तुमचे अनुभव लिहा

‘स्टोरेज फुल’ असं दिसलं की पूर्वी उपाय एकच होता. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं आणि कार्ड टाकून आणायचं. आता दुकानदारच विचारतो, ‘खाच आहे का तुमच्या फोनला?’ सॅनडिस्कने २००४ मध्ये हे नखाएवढं कार्ड ‘ट्रान्सफ्लॅश’ या नावाने आणलं आणि पुढच्या वर्षी त्याचं मायक्रोएसडी झालं. तेव्हापासून आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या हातून एखादं तरी गेलं असेल.

कोणतं कार्ड घ्यावं याच्या याद्या कुठेही मिळतात, त्या इथे नकोत. कार्डावर नेमकं काय ठेवता, ते किती टिकलं, बिघडलं तेव्हा काय गेलं आणि काय वाचलं, ते लिहा. बिघाडाची हकीकत सांगताना कंपनीचं आणि दुकानाचं नाव टाळा, उगाच वाद नकोत.

बार्शी, मोबाईल दुकान

दुकान टाकलं तेव्हा रिचार्जपेक्षा कार्ड भरून घ्यायलाच जास्त गर्दी असायची. बटणांचे फोन, त्यात १ नाहीतर २ जीबीचं कार्ड. गिऱ्हाईक काउंटरवर फोन ठेवून म्हणायचं, ‘भरून दे.’ काय भरायचं ते माणूस बघून कळायचं. ट्रॅक्टरवाल्या पोराला डीजे आणि लोकगीतं, माळकरी आजोबांना हरिपाठ, काकडा आणि भारुडं, नवीन लग्न झालेल्याला काय ते तुम्ही ओळखा. एक गाणं ४-५ एमबीचं धरलं तर २ जीबीत चारेकशे गाणी बसायची.

कार्ड काढणं हेही कामच होतं. मागचं झाकण उघडा, बॅटरी उचला, तिच्याखालची पत्र्याची चौकट नखाने सरकवून उभी करा, मग कार्ड निघायचं. बाजाराच्या दिवशी दहा जणांची कार्डं एकदम आली की प्रत्येक कार्ड कागदात गुंडाळून वर नाव टाकायचो. नाहीतर आजोबांच्या कानात डीजे वाजायचा. एकदा वाजलाही, आणि आजोबांनी तो पूर्ण ऐकून मगच तक्रार केली.

हे कायद्यात बसत नव्हतं, ते आम्हालाही ठाऊक होतं. २०१६ मध्ये जिओ आलं आणि धंदा आपोआप बसला. तरी अजून लोक येतात, पण फोनसाठी नाही, स्पीकरसाठी. देवळातल्या स्पीकरला कार्ड लागतं.

आणखी एक. त्या काळी लोक मुंबईहून ८ जीबीचं कार्ड आणायचे आणि फोनने ओळखलं नाही की आमच्यावर डाफरायचे. जुन्या फोनांना साधं एसडी, म्हणजे २ जीबीपर्यंतचंच कळायचं. त्याच्या पुढचं ३२ पर्यंत एसडीएचसी आणि त्याहून मोठं एसडीएक्ससी. बाहेरून सगळी एकाच मापाची, त्यामुळे खाचेत बसलं म्हणजे चालणारच असं लोक धरून चालायचे.

पुणे, आयटी

बार्शीकर, तुमच्यासारख्यांच्या दुकानातूनच आमच्या हॉस्टेलला सिनेमे यायचे.

माझा अनुभव ४ जीबीच्या फोनचा. २०१४ ला स्वस्त स्मार्टफोन म्हणजे तेवढीच जागा. त्या वर्षी भारतात आलेले पहिले अँड्रॉइड वन फोनही ४ जीबीचेच होते. त्यातले निम्मे सिस्टिमने खाल्ल्यावर आपल्याला काय उरणार? एक ॲप टाकायचं तर दुसरं काढायचं. अँड्रॉइड ६ मध्ये सोय आली की कार्डालाच ‘इंटरनल स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट करा आणि फोन दोन्ही जागा एकच समजेल. केलं. ॲपं भराभर बसली, पण उघडायला वेळ घेऊ लागली. कीबोर्डसुद्धा अडखळायचा. कार्ड क्लास ४ चं, म्हणजे कमी वेगाचं होतं. गाणी वाजवायला ते पुरतं, पण ॲप म्हणजे शेकडो बारीक फायली एकदम वाचणं आणि लिहिणं. तिथे त्याचा जीव जायचा.

पुढे फोनचा बोर्ड गेला. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं तर ‘फॉरमॅट करायचं का?’ असा प्रश्न. कार्ड धडधाकट होतं, पण अशा पद्धतीने फॉरमॅट केलं की त्यावरचं सगळं कुलूपबंद होतं आणि किल्ली राहते फोनच्या पोटात. फोन मेला की कार्डावर काय आहे ते कुणालाच वाचता येत नाही. गोव्याच्या सहलीचे सगळे फोटो त्यात होते. मित्रांकडून थोडे परत मिळाले, माझ्या कॅमेऱ्यातले गेलेच.

अमरावती

मले एकच सांगाचं हाय. दोन सिमवाल्या फोनात कार्ड टाकाचं तं एक सिम काढा लागते. एका सिमवर बँकेचा ओटीपी येते, दुसऱ्यावर सासरवाडीचा फोन. आता कोनतं काढू सांगा बाप्पा?

संयोजक

अमरावतीकर, ओटीपी ठेवा. सासरवाडी व्हॉट्सॲपवर येईलच.

विनोद बाजूला ठेवतो. ही हायब्रिड खाच भारतात बऱ्याच जणांना नडली. घेताना डब्यावर ‘ड्युअल सिम’ही लिहिलेलं असतं आणि ‘कार्डाची सोय’ही. दोन्ही एकदम चालत नाहीत, हे ट्रे बाहेर काढल्यावर कळतं. सिमचे दोन आणि कार्डाचा एक असा तीन घरांचा ट्रे असेल तरच दोन्ही जमतं. घेण्याआधी दुकानात पिन मागून ट्रे बाहेर काढून बघा, लाजू नका.

नेवासा

आम्ही सप्ताहातली कीर्तनं मोबाईलवर शूट करतो आणि नंतर मंडळींना देतो. सुरुवातीला ३२ जीबीचं कार्ड होतं. कीर्तन रंगात आलं की रेकॉर्डिंग बंद. दरवेळी अर्ध्या तासाच्या आसपास. आधी वाटलं फोन तापतोय, म्हणून वर ओला रुमाल ठेवला. मग वाटलं जागा संपली, पण निम्मं कार्ड रिकामं. शेवटी तालुक्यातल्या एका पोराने उलगडा केला. ३२ पर्यंतच्या कार्डांची फॉरमॅट फॅट३२, आणि तिच्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. फुल एचडीमध्ये ४ जीबी अर्ध्या तासात भरतात. काही फोन अशा वेळी आपणहून दुसरी फाईल सुरू करतात. आमचा गप्प बसायचा. महाराज उत्तररंगात शिरले की आमचा कॅमेरा झोपलेला, असं व्हायचं.

६४ जीबीचं घेतलं, ते एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये येतं, तिथे ही ४ जीबीची अडचण नाही. आता अभंगापासून पसायदानापर्यंत सलग एकच फाईल. कार्डावर व्ही३० लिहिलेलं बघून घेतो. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. आमच्या कामाला एवढं लागत नाही, पण मधेच अडकणं परवडत नाही. काल्याच्या दिवशी संध्याकाळी सगळं लॅपटॉपवर उतरवतो, बघून खात्री करतो, मगच कार्ड रिकामं.

ठाणे

बनावट कार्डाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! माझ्या दिराने ऑनलाइन ५१२ जीबीचं कार्ड मागवलं, किंमत बाजारातल्या ६४ च्या कार्डापेक्षा कमी. फोनमध्ये टाकल्यावर अगदी व्यवस्थित ५१२ च्या हिशेबाने जागा दाखवत होतं, म्हणून सगळे खूश. थोडे महिने सुरळीत. मग बारशाचे फोटो उघडेनात. नाव दिसतं, आकार दिसतो, आत करडा चौकोन. सगळ्यात जुने फोटो मात्र शाबूत.

यात होतं असं की कार्डातली खरी चिप छोटी असते आणि तिला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की ती पुढचं लिहिल्यासारखं दाखवते. काही कार्डं नवीन माल टाकूनच देतात, काही जुन्यावरच लिहीत सुटतात. फोनला पत्ताच लागत नाही, कारण यादीत सगळी नावं बरोबर दिसतात. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाचं छोटं फुकट साधन आहे. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. मोठ्या कार्डाला तास न् तास लागतात. आता घरात कोणतंही नवं कार्ड आलं की आधी रात्रभर ही चाचणी, मगच फोनमध्ये. विक्रेत्याने पैसे परत दिले, ते एक बरं झालं. बारसं काही परत होत नाही.

(६४ जीबीच्या कार्डावर ५९.६ दिसलं म्हणून घाबरू नका, ते खोटं नाही. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, बरेच कॉम्प्युटर आणि काही फोन १०२४ च्या.)

धडगाव, प्राथमिक शिक्षक

आमच्याकडे प्रश्न जागेचा कमी, रेंजचा जास्त. सातपुड्यातल्या पाड्यांवर रेंज म्हणजे अमुक एका टेकडीवरच्या अमुक एका झाडाखाली. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, स्कॅन केला की दीक्षा ॲपमधला व्हिडिओ उघडतो. पण पाड्यावर उघडणार कशाने? मी तालुक्याला गेलो की इयत्तेप्रमाणे व्हिडिओ, कविता आणि गोष्टी उतरवून कार्डावर घ्यायचो. कार्डात फोल्डर साधे: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.

२०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा याच कार्डाने वर्ष तारलं. ज्या घरी स्मार्टफोन होता तिथे ओटीजीच्या, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणाऱ्या छोट्या रीडरने कार्ड लावायचं, त्या त्या इयत्तेचं फोल्डर त्यांच्या फोनमध्ये टाकायचं, पुढच्या घरी. काही पालकांच्या फोनमध्ये जागाच नसायची. तेव्हा आधी त्यांच्यासमोर बसून काय काढायचं ते ठरवायचं. लग्नाचे व्हिडिओ कुणी काढू देत नाही, पण फॉरवर्ड आलेले चुटके चालतात. मुलं ओट्यावर बसून एका फोनवर पाच-सहा जण बघायची. कविता तर इतक्या वेळा वाजल्या की आयांनाही पाठ झाल्या.

कार्ड धुळीत पडलं, एकदा पावसात भिजलं, कोरडं करून परत चाललं. तुटलं ते मात्र रीडरमधून तिरकं ओढल्यामुळे.

संयोजक

गुरुजी, एवढ्या कष्टांची हकीकत इथे लिहिलीत, आभार. तुमचं वाचून एक लक्षात येतं. तुमच्या कार्डावरचा माल तालुक्याला परत मिळणारा होता. नेवासेकरही त्याच संध्याकाळी उतरवून घेतात. पुण्याचे आणि ठाण्याचे फोटो मात्र दुसरीकडे नव्हतेच. कार्ड म्हणजे घराचा माळा आहे असं माझं मत. जागा भरपूर, पण दागिने कुणी माळ्यावर ठेवत नाही.

सावंतवाडी

सासूबाईंचा फोन दर महिन्याला भरतो. त्यांच्या सगळ्या भजनी मंडळाच्या शुभ सकाळी त्यात असतात. कार्ड आणून दिलं, पण व्हॉट्सॲप आपला माल कार्डावर टाकतच नाही, ते फोनच्याच जागेत साठवतं. फाइल्स ॲपमध्ये अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम डॉट व्हॉट्सॲप अशा आतल्या आत गेलं की ते फोल्डर सापडतं. आता मी ठरावीक दिवशी बसते, नातवंडांचे फोटो आणि भजनांचे ऑडिओ कार्डावर हलवते, बाकी खोडते. शिवाय सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद केलं. ‘माझे गणपती कुठे गेले?’ असं त्या विचारतात. एक वेगळा फोल्डर करून त्यात वीसेक गणपती ठेवले आहेत.

नाशिक, डेटा रिकव्हरीचं काम

वरच्या बऱ्याच गोष्टी रोज बघतो. घाईने लिहितो.

‘कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा’ असं फोन म्हणाला की लोक लगेच ‘ओके’ दाबतात. दाबू नका. कार्ड काढा आणि कॉम्प्युटरला लावा. फोनमधल्या खाचेचे संपर्क मळलेले असले तरी हाच संदेश येतो. कॉम्प्युटरला कार्ड दिसलं पण त्यावरच्या फायली उघडल्या नाहीत तर फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर बरंच काही काढून देतं. फायलींची मूळ नावं मिळत नाहीत, फोटो मिळतात. सापडलेला माल त्याच कार्डावर परत कधीच टाकू नका.

कार्डावरचं काही खोडता येत नाही, खोडलं तरी फोन बंद-चालू केल्यावर परत येतं, असं दिसलं तर ते भुताटकीचं नाही. कार्डाने लिहून घेणं थांबवलंय, शेवटची घरघर आहे. अजून वाचता येतंय तोवर सगळं उतरवून घ्या.

पुण्याच्या गृहस्थांना: तो बोर्ड दुरुस्त होऊन फोन आहे तसाच चालू झाला असता, तर कार्ड उघडलं असतं. बोर्ड बदलला किंवा फॅक्टरी रिसेट मारला की नाही. ॲपं कार्डावर ठेवायचीच असतील तर ए१ किंवा ए२ छापलेलं घ्या. त्यात बारीक वाचन-लेखनाचा वेग पक्का केलेला असतो. ए२ चा पूर्ण फायदा मात्र फोनने साथ दिली तरच.

मुंबई

खाच काढली ती पाणी आत जाऊ नये म्हणून, असं दुकानात ऐकवतात. सॅमसंगच्या २०१५ च्या एस६ मधून खाच गेली, २०१६ च्या एस७ मध्ये परत आली, आणि त्या एस७ ला पाण्यापासूनचं आयपी६८ संरक्षणही होतं. २०२१ च्या एस२१ मधून परत गेली. जास्त जीबीचा फोन जास्त पैशाला विकायचा असेल तर ग्राहकाच्या खिशात स्वस्त कार्ड कशाला राहू द्यायचं, हे मला तरी सरळ दिसतं. त्यात गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवणही १ जून २०२१ पासून संपली. म्हणजे दोन्हीकडून भाडं सुरू.

सोलापूर

माझ्या नव्या फोनला खाच नाही, पण जुन्या फोनमधलं १२८ चं कार्ड चांगलं आहे. फेकून देऊ का?

बार्शी, मोबाईल दुकान

फेकताय कशाला? टाइप-सीचा कार्ड रीडर घ्या, चार्जिंगच्या भोकात लावा, पेन ड्राइव्हसारखं उघडेल. काही फोनांत आधी सेटिंगमधून ओटीजी चालू करावं लागतं. फक्त काढताना ‘इजेक्ट’ करून काढा आणि ते कार्ड आधीच्या फोनमध्ये इंटरनल म्हणून फॉरमॅट केलेलं नव्हतं ना, ते जुना फोन विकायच्या आधी बघा. सोलापूरहून बार्शीला आलात तर दुकानात या, बघून देतो.