शब्दचर्चा : खासगी, गोपनीय की गुप्त?

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या पत्रांवरचा एक लेख मराठीत आणतेय. 29 सप्टेंबर 1961 रोजी ख्रुश्चेव्ह यांनी काळ्या समुद्राकाठी सुट्टीवर असताना केनेडींना 26 पानी पत्र लिहिलं. ते नेहमीच्या सरकारी वाटेने गेलंच नाही. गेओर्गी बोल्शाकोव्ह या सोव्हिएत माणसाने ते वर्तमानपत्राच्या घडीत घालून केनेडींचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांच्या हाती ठेवलं. पुढे अशी पत्रं येत-जात राहिली, ती जगाला कळली फार उशिरा.

आता माझी अडचण. मी 'खासगी पत्रव्यवहार' लिहिलं. संपादक म्हणतात 'गोपनीय' करा. शेजारच्या टेबलावरून सल्ला आला, 'गुप्त' ठेव, जोर येतो. तिन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि 'बॅक चॅनेल'ला, म्हणजे सरकारी वाट टाळून ठेवलेल्या अशा संपर्काला, मराठीत काय म्हणायचं? 'मागचं दार' नको आहे, त्याला वशिल्याचा वास येतो.

—

जोर येतो म्हणून शब्द बदलायचा हा निकष बाजूला ठेवा. 'गुप्त' आणि 'गोपनीय' दोन्ही 'गुप्' या धातूवरून आले, अर्थ राखणं, सांभाळणं. फरक प्रत्ययात आहे. 'गुप्त' म्हणजे जे राखलं गेलंय ते. 'गोपनीय' म्हणजे जे राखायला हवं ते. पहिला शब्द वस्तुस्थिती सांगतो, दुसरा नुसती अपेक्षा. करणीय, पठनीय, दर्शनीय हे शब्द आठवा. दर्शनीय स्थळ कोणी बघायला गेलं नाही तरी दर्शनीयच राहतं.

हा फरक कागदावरचा वाटेल, पण मुत्सद्देगिरीत तोच कामाचा आहे. जानेवारी 1917 मध्ये जर्मनीचे परराष्ट्रप्रमुख आर्थर झिमरमन यांनी मेक्सिकोतल्या आपल्या प्रतिनिधीसाठी सांकेतिक तार धाडली. अमेरिका युद्धात उतरलीच तर मेक्सिकोशी युती करा, बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला मदत देऊ, असा मजकूर. ब्रिटिश नौदलाच्या 'रूम 40' या विभागाने ती फोडली आणि 1 मार्चला ती अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत झळकली. त्या सकाळी तार 'गुप्त' उरली नाही. तिची 'गोपनीयता भंगली' असं आपण म्हणतो, 'गुप्तता भंगली' असंही म्हणतो, पण पहिल्यात नियम मोडल्याची तक्रार आहे आणि दुसऱ्यात फक्त घडलं ते सांगितलंय. गंमत म्हणजे तार बनावट आहे असं म्हणून कानांवर हात ठेवायची झिमरमन यांना पुरेपूर संधी होती. अमेरिकेत अनेकांना तसंच वाटतही होतं. पण 3 मार्चला त्यांनी स्वतःच ती खरी असल्याचं मान्य केलं. 6 एप्रिलला अमेरिका युद्धात.

याची दुसरी बाजू 2010 मध्ये दिसली. विकिलीक्सकडून अमेरिकी वकिलातींच्या सुमारे अडीच लाख तारा बाहेर यायला लागल्या, जगभर लोक चवीने वाचत होते, आणि अमेरिकी सरकार आपल्याच कर्मचाऱ्यांना बजावत होतं की हे कागद अजूनही वर्गीकृत आहेत, परवानगीशिवाय उघडू नका. लोकांनी टिंगल केली. मराठी व्याकरणाने पाहिलं तर मात्र त्यात विसंगती नव्हती. कागद गुप्त नव्हते, गोपनीय होते.

म्हणून तुमच्या लेखात, पत्रं दडलेली होती त्या काळाबद्दल लिहिताना 'गुप्त' चालेल. दोघांनी ती दडवून ठेवायचं ठरवलं होतं हे सांगायचं असेल तर 'गोपनीय'.

—

वरचं सगळं मान्य, पण 'खासगी'चं काय? तो तर वेगळ्याच अक्षावरचा शब्द आहे. 'खासगी'ला लपवण्याशी कर्तव्य नाही. तो सांगतो कुणाचं ते. मराठेशाहीत 'खासगी' म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या खर्चाचा मुलूख आणि उत्पन्न. होळकरांकडे 'खासगी' (घराण्याचा) आणि 'दौलत' (राज्याचा) असे दोन सरळ हिशेब होते. 1734 मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर मिळाली, पुढे तीच अहिल्याबाईंकडे आली. तिच्यात गुप्त काही नव्हतं. फक्त ती दौलतीच्या खात्यात धरायची नाही, एवढंच.

तेव्हा पत्र खासगी आहे की नाही हे ठरवायला एकच प्रश्न विचारायचा: लिहिणारा माणूस म्हणून लिहितोय की दौलत म्हणून? आणि इथेच थोरामोठ्यांची पत्रं घोळ घालतात. 2 नोव्हेंबर 1917 चं बाल्फोर यांचं पत्र घ्या. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लिहितात, पत्ता लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांचा, म्हणजे कुठल्याही सरकारात नसलेल्या गृहस्थाचा. एक पान. मुख्य वाक्य इंग्रजीत 67 शब्दांचं: पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा. रूप पत्राचं, मायना पत्राचा, आणि इतिहासात नाव पडलं 'जाहीरनामा'. पॅलेस्टाईनचं पुढचं सगळं राजकारण त्या वाक्यावर उभं राहिलं. याला कोणी खासगी पत्र म्हणेल का?

आपल्याकडच्या कचेऱ्यांत या मधल्या जातीला नेमका शब्द आहे आणि तो कोणी वापरत नाही याचं मला नवल वाटतं: अर्धशासकीय पत्र. विषय सरकारी, पण मायन्यात नाव, सही स्वतःची, सूर ओळखीचा. सरदार पटेलांनी 7 नोव्हेंबर 1950 रोजी तिबेट आणि चीनबद्दल नेहरूंना लिहिलेलं प्रसिद्ध पत्र 'माय डियर जवाहरलाल' असं सुरू होतं. आत मात्र ईशान्य सरहद्द, चीनचे हेतू, संरक्षणाची तयारी. खासगी काय आहे त्यात? फक्त हाक.

—

'अर्धशासकीय' तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण लेखात टाकून बघा, जावक क्रमांक शोधावासा वाटतो.

—

मग 'खलिता' का नको? मूळ अरबी 'खरीता' म्हणजे थैली. संस्थानिक आणि राजे एकमेकांना पत्र पाठवत ते उंची कापडाच्या थैलीत घालून, आणि मराठीत थैलीचं नाव पत्रालाच चिकटलं. इंग्रजीत 'डिप्लोमसी' तरी कुठून आली? 'डिप्लोमा'वरून, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दुहेरी घडी घातलेला कागद. त्यांच्याकडे घडी, आपल्याकडे थैली.

थैलीचा मान अजून टिकून आहे हेही सांगून टाकतो. 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या 27 व्या कलमानुसार राजनैतिक टपालथैली उघडता येत नाही की अडवून ठेवता येत नाही. थैली किती मोठी असावी यावर बंधन नाही, पण ती थैली आहे हे बाहेरून दिसेल अशी खूण हवी. जुलै 1984 मध्ये नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को यांना लंडनमधून पळवून, बेशुद्ध करून लाकडी खोक्यात घालून विमानाने न्यायचा घाट घातला गेला. स्टॅनस्टेड विमानतळावर कस्टमवाल्यांनी खोकं उघडलं, कारण त्यावर राजनैतिक थैलीच्या रीतसर खुणाच नव्हत्या. माणूस वाचला तो कारकुनी चुकीमुळे.

—

खलित्याची गोष्ट झकास, पण शब्द इथे बसत नाही. खलिता म्हणजे मानाचा, वाजतगाजत आलेला कागद. ख्रुश्चेव्ह यांचं पत्र वर्तमानपत्राच्या घडीतून आलंय.

आणि ते 'राजनैतिक थैली' वाचून एक जुनी तक्रार आठवली, विषयाला धरूनच आहे. मराठीत 'राजकीय' म्हणजे राजकारणाचं आणि 'राजनैतिक' म्हणजे परराष्ट्रव्यवहाराचं: राजनैतिक संबंध, राजनैतिक अधिकारी. हिंदीत 'राजनैतिक' म्हणजे आपलं 'राजकीय'. हिंदीवरून घाईने उतरवलेल्या बातम्यांत 'राजनैतिक पक्ष' येतात ते यामुळे. त्याच वाटेने 'कूटनीती' आली. हिंदीत तो शब्द सरळ परराष्ट्रव्यवहाराचा आहे, मराठी कानाला मात्र त्यात कपट ऐकू येतं. आपल्याकडे 'मुत्सद्देगिरी' आहे, पाठ्यपुस्तकांत 'राजनय' आहे. आणि दूतावासाला 'वकिलात' म्हणणारी आपली भाषा अजून शाबूत आहे, कारण पेशवाईत वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, दुसऱ्याच्या दरबारात बसलेला आपला माणूस.

—

अशी पत्रं भाषांतरित करताना किती जपावं लागतं याचं उदाहरण देते. 24 ऑक्टोबर 1915 रोजी इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त हेन्री मॅकमेहन यांनी मक्केचे शरीफ हुसेन यांना पत्र लिहिलं. तुर्कांविरुद्ध उठलात तर अरबांच्या स्वातंत्र्याला मान्यता देऊ, मात्र दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो यांच्या पश्चिमेचा सीरियाचा भाग वगळून. या चार गावांच्या नावांआधी इंग्रजी मसुद्यात 'डिस्ट्रिक्ट्स' होतं. अरबीत गेलं ते 'विलायात' म्हणून. हाच तो आपल्या 'विलायत'चा शब्द, मूळ अर्थ प्रांत.

पुढे ब्रिटिशांनी दावा केला की विलायत म्हणजे तुर्की राज्यातला अधिकृत प्रांत. दमास्कसचा प्रांत पार दक्षिणेपर्यंत जातो, तेव्हा त्याच्या पश्चिमेला पॅलेस्टाईन आलं, आणि म्हणून ते वचनातून वगळलेलं आहे. अरबांनी विचारलं, होम्सची विलायत कुठे आहे? हमाची? असे प्रांतच नव्हते, मग तोच शब्द दमास्कसच्या बाबतीत 'प्रांत' आणि होम्स-हमाच्या बाबतीत 'आसपासचा भाग' कसा? मला अरबांचा मुद्दा बिनतोड वाटतो. ब्रिटिश सरकारने हा पत्रव्यवहार अधिकृतपणे छापला तो थेट 1939 मध्ये. तोवर दोन्ही बाजू अधिकृतपणे न छापलेल्या पत्रातल्या शब्दाचा अर्थ लावत होत्या.

—

'खासगी'वर अजून एक शंका. वैयक्तिक सूर दिसला की आपण पत्र खासगी मानतो, पण तो सूर बेतलेलाही असतो. जुलै 1914 च्या शेवटी, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, जर्मनीचे कैसर विल्हेल्म आणि रशियाचे झार निकोलस एकमेकांना इंग्रजीत तारा करत होते, खाली सह्या 'विली' आणि 'निकी'. नात्यातले, टोपणनावाने बोलणारे. विलीच्या मसुद्यांवर मात्र जर्मन परराष्ट्र खात्याचा हात फिरत होता. 29 जुलैच्या तारेत निकीने सुचवलं होतं की ऑस्ट्रिया-सर्बियाचा तंटा हेगच्या लवादाकडे द्यावा. युद्ध सुरू झाल्यावर जर्मन सरकारने आपली बाजू मांडायला कागदपत्रं छापली, विली-निकीच्या ताराही छापल्या, आणि नेमकी ही एक वगळली. पत्रं खरोखर खासगी असती तर ती छापायची की गाळायची हे सरकारने ठरवलं नसतं.

—

प्रश्न माझाच होता, म्हणून काय ठरलं ते सांगते. शीर्षकात 'गुप्त' ठेवलं, कारण लेख त्या काळाचा आहे. मजकुरात जिथे दोघांनी पत्रांची वाच्यता न करण्याचं ठरवलं तिथे 'गोपनीय'. 'खासगी' पूर्ण काढला. 'अर्धशासकीय' एकदा वापरला, संपादकांनी नाक मुरडलं, पण राहू दिला. 'बॅक चॅनेल' तेवढा अडलाय.

—

'पडद्याआडची बोलणी' वर्तमानपत्रांत रुळलंय, पण त्यात वाट दिसत नाही, फक्त पडदा दिसतो. आपल्याकडे 'आतून' हा शब्द आहे ना! वरून भांडण, आतून बोलणी चालू. 'आतून संधान बांधलं' म्हटलं की कुणालाही कळतं. ऑक्टोबर 1962 मध्ये क्युबावरून जग अणुयुद्धाच्या कड्यावर उभं असताना अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले आणि तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं आश्वासन तोंडी दिलं, तेही हे जाहीर करायचं नाही या अटीवर. 'केनेडींनी आतून बोलणी लावली' असं लिहा. नाम हवंच असेल तर 'अंतस्थ वाट'. 'अंतस्थ' वाचकाला 'अंतस्थ हेतू'मुळे ओळखीचा आहे, फक्त त्यातला संशय थोडा बरोबर येईल.

—

संशय आला तर येऊ दे. 'अंतस्थ वाट' घेते.